कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्याचा सीव्ही किती पानांचा असावा?

अंबाझरी | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी १५ वर्षं एसएपी एमएममध्ये आहे, म्हणजे कंपन्यांच्या खरेदीचं आणि मालसाठ्याचं काम ज्या प्रणालीवर चालतं ती बसवून देणं. पहिली सहा वर्षं पुण्यात पगारी नोकरी केली. मग बाबांच्या आजारपणात नागपूरला परत आले आणि गेली नऊ वर्षं घरूनच कॉन्ट्रॅक्टवर कामं घेते. या नऊ वर्षांत ११ कॉन्ट्रॅक्ट झाले. सगळ्यात लहान सात आठवड्यांचं, सगळ्यात मोठं २६ महिन्यांचं.

माझा सीव्ही ८ पानांचा होता. एका एजन्सीने सांगितलं, मॅडम, दोन पानांत आणा, आठ पानं कोणी उघडतसुद्धा नाही. दोन रात्री बसून दोन पानं केली. तोच सीव्ही दुसऱ्या एजन्सीला पाठवला, तर त्यांचा फोन: "मॅडम, बाकीचा अनुभव कुठं गेला? क्लायंटला एकेक प्रोजेक्ट सविस्तर पाहिजे असतं."

इथवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात एक चांगलं काम हातचं गेलं. एसएपीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीवरून नव्या एस/४ हानावर जाणारी एक उत्पादन कंपनी होती. दोन पानांचा सीव्ही गेला आणि उत्तर आलं, "टॅक्सइनचा अनुभव दिसत नाही." ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी: ईसीसीमध्ये भारतातले कर मोजायला टॅक्सइंज आणि टॅक्सइन अशा दोन पद्धती होत्या. एस/४ हानामध्ये फक्त टॅक्सइन चालते. त्यामुळे टॅक्सइंजवर बसलेल्या कंपनीला हा बदल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्यानंतर नेमकं हेच काम मी दोन कंपन्यांसाठी केलं आहे. जुन्या सीव्हीत ते पाचव्या पानावर होतं. कापाकापीत गेलं.

फार वाईट वाटलं. जे काम मला सगळ्यात चांगलं येतं तेच मी माझ्या हाताने पुसलं होतं. आता कुणाचं ऐकू? दोन, चार की आठ?

बुटीबोरी८८ | मंगळवार, रात्री ११:०५

दोन पानं. १५ वर्षं असोत की ३०. अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकरीच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये पाहणी केली होती. भरती करणारा माणूस पहिल्या नजरेत एका सीव्हीवर सरासरी ७.४ सेकंद थांबतो असं त्यात निघालं. ७.४ सेकंदांत आठ पानं कशी वाचणार?

कोराडी_६६० | मंगळवार, रात्री ११:३२

ताई, माहा प्रश्न याच्याहून कठीण आहे. मी १६ वर्सापासून पॉवर प्लांटमधी टर्बाइनच्या ओव्हरहॉलची कामं करून राहिलो. एक काम महिना-दीड महिन्याचं. वर्साले चार-पाच होतात. कोराडी झालं, मौदा झालं, तिरोडा झालं, बाहेरच्या राज्यातलेही झाले. आता ७० च्या वर कामं आहेत. हरेक कामाले चार ओळी लिवल्या तं पुस्तक होते. दोन पानात कसे बसवू? धागा वाचून राहिलो.

खामला_चौक | बुधवार, सकाळी ७:१५

अंबाझरीताई, मी १२ वर्षं कॉन्ट्रॅक्ट भरतीच्याच धंद्यात आहे. आधी एका मोठ्या एजन्सीत होतो, आता स्वतःचं छोटं काम चालवतो. तुमचा अनुभव वाचून चुटपुट लागली, कारण असं आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर होतं. सविस्तर लिहितो.

पानं मोजायच्या आधी तुमची फाइल कुणाकुणाच्या हातांतून जाते ते बघा.

पहिला हात एजन्सीतल्या रिक्रूटरचा. तो बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं अनुभवाचा मुलगा किंवा मुलगी असते. पोर्टलवर शब्द टाकून शोधलं की शेकडो प्रोफाइल येतात. त्याला चारच गोष्टी हव्या असतात: सध्या काय करता, एकूण किती वर्षं, कुठे राहता, कधीपासून मोकळे आहात. बुटीबोरीभाऊंनी दिलेले ७.४ सेकंद हे या हाताचे. ती पाहणी पहिल्या चाळणीची होती. पूर्ण सीव्ही वाचायला इतकाच वेळ दिला जातो असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा हात आमच्याकडच्या अकाउंट मॅनेजरचा. तो तुमचं नाव, फोन, ईमेल काढून मजकूर एजन्सीच्या लेटरहेडवर चढवतो. हे बऱ्याच उमेदवारांना माहीत नसतं. तुम्ही दोन रकान्यांचा, रंगीत पट्ट्यांचा सीव्ही पीडीएफमध्ये कितीही सुंदर करा, इथे त्याचं भजं होतं. रकाने एकमेकांत घुसतात, तारखा एकीकडे आणि कामं दुसरीकडे. म्हणून साधी वर्ड फाइल द्या. टेक्स्ट बॉक्स नको, चित्रं नकोत.

तिसरा हात क्लायंटच्या व्हेंडर विभागाचा. त्यांच्याकडे गरजेची एक यादी असते, त्यात सहा-सात बाबी "अनिवार्य" म्हणून असतात. तिथे बसलेल्या माणसाला एसएपी येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. तो यादीतला शब्द सीव्हीत शोधतो. सापडला की खूण, नाही सापडला की फाइल परत. तुमचं काम इथे गेलं. "दिसत नाही" या शब्दांचा अर्थ शब्दशः तेवढाच होता.

चौथा हात मुलाखत घेणाऱ्याचा. हा एकटाच माणूस खरं वाचतो. मी असे पॅनेलवाले पाहिलेत जे प्रिंट काढून पेन्सिलीने रेघा मारतात. तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर वीस मिनिटं प्रश्न विचारतात. त्याला तपशील नसला तर तो तुमची कुवत नोकरीच्या नावावरून ठरवतो, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यांचं नाव "सीनिअर कन्सल्टंट" असतं.

आता सांगा, दोन पानं कुणासाठी? पहिल्या हातासाठी. आठ कुणासाठी? खरं तर कुणासाठीच नाही, चौथ्यालाही इतकं नको असतं. माझ्या अनुभवात १० वर्षांपुढच्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला ३ ते ४ पानं लागतातच, आणि त्यातलं पहिलं अर्धं पान बाकीच्या सगळ्याइतकं वजनाचं असतं. त्या अर्ध्या पानात तुम्ही नेमकं काय करता, क्लायंटच्या यादीतल्या अनिवार्य बाबींपैकी कोणत्या केल्या आणि शेवटच्या कधी केल्या, कधीपासून मोकळ्या आहात, घरून की ऑफिसातून. दर लिहू नका. तो फोनवर ठरतो, आणि एकदा कागदावर आला की त्याच्यावर चढता येत नाही.

नंतरच्या पानांवर शेवटची पाच वर्षं ऐसपैस लिहा. त्याआधीची पाच वर्षं प्रत्येक कामाला दोन-तीन ओळींत. त्याहून जुनं एकेका ओळीत.

आणि एक. जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित-अविवाहित, पासपोर्ट नंबर, शेवटी "वरील माहिती खरी असल्याचे जाहीर करतो" आणि सही, हे सगळं काढा. अजूनही दहातल्या पाच सीव्हींमध्ये येतं. पाऊण पान तिथेच वाचतं.

शिवमडका | बुधवार, दुपारी १:२०

खामलाभाऊंचं शेवटचं वाक्य आमच्या क्षेत्रात कुणी पाळलं तर त्याचा सीव्ही बाद होईल, म्हणून लिहितोय.

मी रस्ते-पुलांचा इंजिनिअर. कन्सल्टन्सी कंपन्यांमार्फत प्रकल्पापुरता नेमला जातो. रेसिडेंट इंजिनिअर, ब्रिज इंजिनिअर, मटेरियल इंजिनिअर, क्वांटिटी सर्व्हेयर ही आमची पदं. प्रकल्प संपला की करार संपला, त्या अर्थाने आम्हीही कॉन्ट्रॅक्टवालेच. पण आमचा सीव्ही मुलाखतीसाठी कमी आणि निविदेसाठी जास्त असतो. कंपनी निविदा भरते तेव्हा प्रमुख माणसांचे सीव्ही जोडते आणि त्या सीव्हींना गुण मिळतात. शिक्षणाला अमुक, त्या प्रकारच्या प्रकल्पावरच्या अनुभवाला तमुक. नमुना ठरलेला असतो, त्यात जन्मतारीख असते, हमीपत्र असतं, सही असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये इन्फ्राकॉन नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे आमची माहिती नोंदलेली असते. खोटं आढळलं तर माणसावर बंदी येते.

तिथे लांबी हा प्रश्नच नाही. माझा निविदेचा सीव्ही १४ पानांचा आहे आणि त्यातली एक ओळ काढायची माझी हिंमत नाही. कारण सांगतो. एकदा मी एका कामासमोर "२०१८ ते २०२०" एवढंच लिहिलं, महिने घातले नाहीत. गुण देणारा अंदाज करत नाही. त्याने ते काम अनुभवात धरलंच नाही. ज्या कंपनीने माझं नाव दिलं होतं तिचे गुण माझ्यामुळे गेले. ते मला आजही खुपतं. तेव्हापासून प्रत्येक काम तारखेसकट लिहितो आणि दोन कामांच्या तारखा एकमेकांवर चढत नाहीत ना हे आधी तपासतो.

पण हाच १४ पानी सीव्ही मी खाजगी ठेकेदार कंपनीला पाठवत नाही. तिथला प्रोजेक्ट मॅनेजर साइटवरच्या कंटेनरमध्ये बसून मोबाइलवर वाचतो. त्याच्यासाठी वेगळा, अडीच पानांचा. दोन्ही एकाच मूळ फाइलमधून काढतो. मूळ फाइलमध्ये सगळं असतं, ती कुणालाच जात नाही.

जाता जाता नागपूरकर इंजिनिअरांसाठी एक गोष्ट. "समृद्धीवर होतो" असं लिहून काही होत नाही. रस्ता ७०१ किलोमीटरचा, कामाची पॅकेजेस १६. पूर्ण ७०१ वर कुणीच नव्हतं. तुमचं पॅकेज किती किलोमीटरचं, त्यात मोठे पूल किती, तुम्ही कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, ते लिहा. तसंच "नागपूर मेट्रो". वर्धा रोडचा डबल डेकर लिहायचा तर ३.१४ किलोमीटर, वर मेट्रो, मधे महामार्गाचा उड्डाणपूल, खाली जुना रस्ता, आणि त्यात माझ्याकडे अमुक खांबापासून अमुक खांबापर्यंत. बाहेरच्या माणसाला या एका ओळीत काम दिसतं. अशी ओळ लिहिली की चार ओळी आपोआप गळतात.

अंबाझरी | बुधवार, रात्री ९:५०

खामलादादा, तिसऱ्या हाताचं वाचलं आणि सगळं उलगडलं. मी दोन पानं करताना "वाचणारा समजून घेईल" असं धरून चालले होते. जीएसटीचं काम लिहिलंय म्हणजे टॅक्सइन आलंच, असं माझ्या डोक्यात.

शिवमडकादादा, मूळ फाइल वेगळी ठेवायची कल्पना फार आवडली. मी दरवेळी आधीच्याच फाइलवर काटछाट करत होते, म्हणून काय काय गेलं ते मलाही आठवत नाही.

एक अडचण. माझ्या ११ पैकी चार कॉन्ट्रॅक्ट जवळजवळ सारखे आहेत. सपोर्ट, तिकिटं म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी सोडवणं, महिनाअखेरीला थांबणं. चारही वेगवेगळे लिहिले की तेच तेच वाचायला होतं. गाळले तर मधे भोकं दिसतात.

कोराडी_६६० | बुधवार, रात्री १०:१०

हेच तं माहंही दुखणं आहे ताई.

फुटाळा_ते_टेम्स | गुरुवार, पहाटे २:३०

लंडनहून लिहितोय, मूळचा धरमपेठचा. इथे १२ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर बिझनेस अ‍ॅनालिस्ट. इथली पद्धत सांगतो, कारण परदेशी कामं घेणारे बरेच जण इथे असतील.

ब्रिटनमध्ये साधारण दोन पानं, कॉन्ट्रॅक्टवाल्याला तीन चालतात. फोटो, वय, वैवाहिक स्थिती काही नाही. रोजचा दर सीव्हीत नाही. जर्मनीत मात्र उलट: फ्रीलान्सर आपल्या प्रोफाइलला प्रकल्पांची पूर्ण यादी जोडतो, ती लांब असली तरी कुणी नाक मुरडत नाही. अमेरिकेत एजन्सीमार्फत काम करणाऱ्या आपल्या मुलांचे सहा-सात पानांचे सीव्ही मी पाहिलेत. तेव्हा "बाहेर सगळीकडे दोनच पानं चालतात" हे खरं नाही.

लांबीपेक्षा इथे भाषेकडे जास्त लक्ष जातं. ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून आयआर३५ नावाचा करनियम आहे. माणूस खरंच स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहे की कंपनी काढून काम करणारा नोकरच आहे, हे त्यात पाहतात. एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटवर हे ठरवायची जबाबदारी आली. ठरतं ते करारावरून आणि प्रत्यक्ष कामावरून, सीव्हीवरून नाही. पण या नियमामुळे इथले जुने कॉन्ट्रॅक्टर "अमुक मॅनेजरच्या हाताखाली टीममध्ये होतो" असं लिहितच नाहीत. काय हाती घेतलं आणि काय पूर्ण करून दिलं एवढंच लिहितात. ही सवय मला भारतातल्या सीव्हीसाठीही योग्य वाटते. कॉन्ट्रॅक्टवाल्याला कुणी पदासाठी घेत नाही, एक काम उरकायचं असतं म्हणून घेतात.

बुटीबोरी८८ | गुरुवार, सकाळी ८:४०

मी अजूनही दोन पानांवर ठाम आहे आणि का ते सांगतो. मी भरती करणारा नाही, कारखान्यात मेंटेनन्स बघतो. वर्षातून दोनदा शटडाउनसाठी इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं कॉन्ट्रॅक्टवर घेतो. शनिवारी दुपारी शिफ्ट सुटल्यावर माझ्या टेबलावर चाळीस सीव्ही असतात. वाचणारा मी एकटा. खामलाभाऊंचा तिसरा हात आणि चौथा हात दोन्ही मीच.

मला सहा पानं आली की पहिला विचार येतो, या माणसाला स्वतःच्या कामातलं महत्त्वाचं कोणतं हे ठरवता आलेलं नाही. असा माणूस बंद पडलेल्या प्लांटमध्ये कुठून सुरुवात करायची हे कसं ठरवेल? कठोर वाटेल, पण शटडाउनचा एकेक तास महाग असतो. मला असा माणूस लागतो ज्याला दहा तक्रारींतली पहिली कुठली घ्यायची ते कळतं.

खामला_चौक | गुरुवार, सकाळी ९:२५

बुटीबोरीभाऊ, तुमच्या टेबलासाठी दोन पानं मलाही मान्य. तुम्हाला प्लांट माहीत आहे, वाल्व्ह म्हटलं की पुढचं तुम्हाला कळतं. पण अंबाझरीताईंची फाइल तुमच्याकडे येत नाही. ती आधी अशा माणसाकडे जाते ज्याला टॅक्सइन हा शब्द फक्त यादीत दिसतो. तिथे गाळलेल्या गोष्टीला कौशल्य म्हणून दाद मिळत नाही. ती नसलेलीच समजली जाते.

सहा पानं लिहिणाऱ्याला प्राधान्य ठरवता येत नाही, हे मला पटत नाही. माझ्याकडे एक मधल्या वयाचे गृहस्थ होते, वेल्डिंग इन्स्पेक्टर. हातात सोनं, पण सीव्ही नऊ पानांचा, कारण प्रत्येक एजन्सीने त्यांना "हेही घाला" म्हणून सांगितलं होतं. दोष त्यांचा नव्हता, आमच्या धंद्याचा होता. आम्ही लोकांना उलटसुलट सांगतो आणि मग त्यांनाच नाकारतो. आज ताईंबरोबरही तेच झालंय.

बुटीबोरी८८ | गुरुवार, सकाळी १०:०२

वेल्डिंग इन्स्पेक्टरचं वाचून मीही थोडा थांबलो. असे दोन-चार माझ्या हातून सुटले असतील. पुढच्या वेळी लांब सीव्हीचं पहिलं पान तरी पूर्ण वाचीन. पण माझ्याकडे पाठवणाऱ्यांनी दोनच पानं पाठवा.

शिवमडका | गुरुवार, दुपारी १२:४५

कोराडीभाऊ, तुमच्या ७० कामांसाठी आमच्याकडची युक्ती सांगतो. एकाच प्रकारची कामं असली की तक्ता करायचा. एका ओळीत एक काम: प्लांट, युनिटची क्षमता, टर्बाइन कुणाची, महिना आणि वर्ष, तुमची भूमिका. बारीक अक्षरात ७० ओळी दोन पानांत बसतात. हा तक्ता जोडपत्र म्हणून शेवटी. पुढच्या दीड पानात फक्त पाच-सहा कामं सविस्तर, जिथे काही वेगळं घडलं: रोटर बाहेर काढावा लागला, कंपन थांबत नव्हतं, काम मुदतीआधी संपलं. ज्याला सविस्तर हवं तो तक्ता बघेल, बुटीबोरीभाऊ पहिलं दीड पान वाचतील.

कोराडी_६६० | गुरुवार, दुपारी २:१५

दादा, हे जमते. २१० मेगावॉट, ५०० मेगावॉट आन् ६६० मेगावॉट असे तीन गट पाडतो. ६६० चे वरती, काहून का आता लोकं तेच विचारते. सुपरक्रिटिकलवर, म्हंजे लय जास्त दाबाच्या वाफेच्या युनिटवर, काम केलेले हात कमी आहेत. तारखा साऱ्या गेटपासच्या डायरीत लिवून ठेवल्या आहेत मी, सोळा वर्साच्या.

शिवमडका | गुरुवार, दुपारी २:३०

ती डायरी जपून ठेवा, आणि पानांचे फोटो आजच काढून ठेवा.

गायत्रीनगर | गुरुवार, रात्री ८:२०

मी इथे नवीन आहे. ३ वर्षं अनुभव, टेस्टिंग. सगळं कॉन्ट्रॅक्टवरच. एकाच क्लायंटकडे होतो, पण मधे पेरोल कंपनी दोनदा बदलली. सीव्हीत मी फक्त क्लायंटचं नाव लिहिलंय, म्हणजे एक पान पुरतं. मागच्या आठवड्यात निवड झाली आणि पडताळणीत अडकलं. म्हणतात, तुमच्या पीएफमध्ये वेगळ्याच कंपन्या दिसतात. मी काहीही खोटं लिहिलेलं नाही. आई-बाबांना निवड झाल्याचं सांगून बसलोय. काय करू?

खामला_चौक | गुरुवार, रात्री ८:४५

घाबरू नकोस, हे सुटतं. तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एक आणि त्याखाली तीन मालक दिसत असणार, कारण कागदोपत्री तुझे मालक त्या पेरोल कंपन्या होत्या. पडताळणी करणारा सीव्हीतलं नाव आणि पीएफमधलं नाव ताडून पाहतो, जुळलं नाही की लाल शेरा. आजच तिन्ही पेरोल कंपन्यांची नेमणूकपत्रं आणि कार्यमुक्तीची पत्रं काढ, सोबत क्लायंटकडे काम केल्याचा काही पुरावा, म्हणजे डिप्लॉयमेंट लेटर किंवा क्लायंटच्या मॅनेजरचा ईमेल. तारखांची एक साधी यादी करून एचआरला पाठव. समजावणारं लांबलचक पत्र नको.

सीव्हीत पुढे असं लिही: वरती क्लायंट आणि सलग तारखा, खाली एका ओळीत "पेरोल:" म्हणून तिन्ही नावं आपापल्या तारखांसह. सीव्ही दोन ओळींनी वाढेल, वाढू दे.

हाच मुद्दा सगळ्यांसाठी. ज्यांचं पीएफ कटत नाही, जे स्वतःच्या बिलावर काम करतात, त्यांनी वर्क ऑर्डर जपाव्यात आणि दर वर्षीचा २६एएस उतरवून ठेवावा. कुणी टीडीएस कापून पैसे दिले ते त्यात दिसतं, आणि काम केल्याचा पुरावा म्हणून तो मी चाललेला पाहिलाय.

गायत्रीनगर | गुरुवार, रात्री ९:१०

खूप आधार वाटला दादा. दोन पत्रं आहेत, तिसरं उद्या मागतो.

अंबाझरी | शनिवार, सायंकाळी ५:३०

दोन दिवस लागले. आधी मूळ फाइल केली, जुने ईमेल आणि वर्क ऑर्डर काढून. १३ पानं झाली. ती लिहिताना एक काम तर मी पूर्ण विसरलेच होते हे लक्षात आलं: ऑक्टोबर २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा एका कंपनीसाठी रात्री जागून केलेलं. ते आठ पानांच्या सीव्हीतही नव्हतं.

आता एक नमुना दाखवते. आधी असं होतं:

"खरेदी प्रक्रियेसंबंधी विविध जबाबदाऱ्या सांभाळल्या. कॉन्फिगरेशन, टेस्टिंग, प्रशिक्षण व सपोर्ट यांत सहभाग. क्लायंटशी समन्वय. टीमसोबत प्रभावी काम."

आता असं केलंय:

"वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, ४ कारखाने. मे २०१९ ते जानेवारी २०२०. टॅक्सइंजवरून टॅक्सइनकडे स्थलांतर. कराच्या कंडिशन आणि टॅक्स कोड मी बांधले. उघड्या खरेदी ऑर्डरी नव्या पद्धतीत आणल्या. चारही कारखान्यांच्या खरेदी विभागांना प्रशिक्षण दिलं."

ओळी जवळपास तेवढ्याच. क्लायंटचं नाव गोपनीयतेच्या करारामुळे लिहिता येत नाही.

चार सपोर्टची कामं एका मथळ्याखाली घेतली, कोराडीभाऊंसारखा चार ओळींचा तक्ता. भोकं बुजली. एकूण ३ पानं आणि चौथ्यावर थोडं.

फुटाळा_ते_टेम्स | शनिवार, रात्री ८:००

"मी बांधले", "आणल्या", "दिलं". आता कुणीतरी काम केलंय असं दिसतं. उघड्या ऑर्डरी किती होत्या?

अंबाझरी | शनिवार, रात्री ८:०६

सुमारे ६,२००.

फुटाळा_ते_टेम्स | शनिवार, रात्री ८:०९

मग तो आकडा लिहा ना! चार कारखाने आणि ६,२०० ऑर्डरी म्हटलं की मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कामाचा आवाका उभा राहतो.

अंबाझरी | शनिवार, रात्री ८:१५

घातला. दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. एक, बाबांच्या शेवटच्या दिवसांत मी सात महिने काहीच काम घेतलं नव्हतं. दुसरं, पुण्यातली पहिली सहा वर्षं. खामलादादांच्या हिशोबाने ती एकेका ओळीत जायला हवीत, पण ईसीसी मी खरी तिथेच शिकले. पायापासून उभारणी तिथेच केली.

खामला_चौक | शनिवार, रात्री ९:३०

सात महिन्यांसाठी एक ओळ: "कौटुंबिक जबाबदारीसाठी कामातून विराम", महिना-वर्ष ते महिना-वर्ष. त्याहून जास्त काही लिहू नका, कुणाला खुलासा देऊ नका. कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन कामांच्या मधे अंतर असतंच. तारखा लपवल्या की मात्र शंका येते.

पुण्याच्या वर्षांबद्दल मी माझा शब्द मागे घेतो. ईसीसीची मुख्य देखभाल २०२७ अखेरपर्यंतच, असं एसएपीने २०२० मध्येच जाहीर केलंय. त्यामुळे आता ज्या कंपन्या एस/४ हानाकडे निघाल्यात त्यांना नवीन प्रणालीची माणसं मिळतात, पण १५ वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेली जुनी प्रणाली उलगडून सांगणारी मिळत नाहीत. तुमच्यासाठी ती सहा वर्षं जुनी नाहीत. चार-पाच ओळी द्या आणि वरच्या अर्ध्या पानात एक वाक्य टाका: ईसीसीची पायापासून उभारणी आणि तिथून एस/४ हानाकडे स्थलांतर, दोन्ही केलंय. पुढे तुम्ही सपोर्टच्या जागेसाठी अर्ज कराल तेव्हा याच पाच ओळी काढून तक्ता वर घ्या.

अंबाझरी | शनिवार, रात्री १०:२०

हे वाचून डोळे भरून आले. त्या सहा वर्षांना मी ओझं समजत होते.

चार पानं पूर्ण झाली. जन्मतारीख आणि घोषणा काढली. पहिलं अर्धं पान अजून तीनदा लिहावं लागेल असं वाटतंय.

गायत्रीनगर | रविवार, सकाळी ११:००

तिसरं पत्र मिळालं. एचआरला तिन्ही पाठवली, "सोमवारी बघतो" म्हणाले.

कोराडी_६६० | रविवार, सकाळी ११:४०

माहा तक्ता ७४ ओळींचा झाला. डायरीत चार कामं अशे निघाले जे म्या मोजलेच नव्हते. बुटीबोरीभाऊ, तुमचं शटडाउन कधी आहे?

बुटीबोरी८८ | रविवार, दुपारी १२:०५

आमच्याकडे टर्बाइन लहान आहे, पण आहे. दीड पान आणि तक्ता दोन्ही पाठवा. तक्ताही वाचीन.

खामला_चौक | रविवार, दुपारी १२:३०

ताई, वर्ड फाइल मला पाठवा, रात्री वाचून पहिल्या अर्ध्या पानावर खुणा करून देतो. फाइलच्या नावात तुमचं नाव, "एसएपी एमएम" आणि महिना-वर्ष टाका. माझ्याकडे "रेझ्युमे नवीन फायनल" नावाच्या इतक्या फाइली आहेत की शोधता शोधता संध्याकाळ होते.